टिटवीची झूल

दिवाळी झाली की फुटाळ्यावरचा वारा
रजेवर जातो.
पाणी इस्त्री केल्यासारखं,
शीड नुसतं लोंबत राहतं,
दोरीवर विसरलेलं धोतर जसं.
म्हणून टिटवीला हातगाड्यावर घातली,
गिट्टीखदानपर्यंत ढकलत आणली.
मागं गल्लीतली पोरं :
"काका, हे कुठं चालवून राहिले?
इथं तं नळालेच पाणी नाही!"

पावणेआठ फूट. प्लायवूड.
वीज मंडळात पस्तीस वर्षं खांबावर चढलो,
निवृत्तीच्या पैशात कुंदानं फ्रिज मागितला,
मी ही केली.
(फ्रिजही आला. हे लिहायला हवं.)

शेजारचे घाटे म्हणतात, नागपुरात बोटीला कसली थंडी?
थंडीचं नाही हो. दवाचं.
पहाटे चारला येतं, चपला काढून,
आणि सांध्यासांध्यात जाऊन बसतं.
रात्री आठ अंश, दुपारी तीस.
लाकूड फुगतं, आकसतं,
फुगतं, आकसतं,
आणि एका दिवशी तडकल्याचा आवाज येतो,
तेव्हा आपण जेवत असतो.

पहिली झूल निळ्या ताडपत्रीची.
गच्च आवळली, मुंगी शिरणार नाही अशी.
आठ दिवसांनी उघडली तर आत घाम,
बाकाखाली बुरशी,
तान्ह्या पोराच्या जावळासारखी मऊ.
झाकणं वेगळं आणि कोंडणं वेगळं,
हे एवढ्या वयात एका होडीनं शिकवलं.

दुसरीसाठी जरीपटक्याच्या भंगारवाल्याकडून
फ्लेक्स आणला, वीस बाय दहा.
कुठल्याशा क्लासचा. एक मुलगी, दोन वेण्या,
खाली ९६.८०.
कुंदाच्या मशीनच्या दोन सुया मोडल्या,
तिसरी तिनं लपवली.
मग कळमन्याच्या हमालाचा दाभण मागून आणला,
सुतळीला मेण लावलं.
डोलकाठी आडवी टाकून आढं केलं,
बांबूच्या दोन कैच्यांवर.
जुन्या कुलरची जाळी दोन्ही टोकांना,
हवा इकडून येईल, तिकडून जाईल.
काठांना रेतीच्या बाटल्या बांधल्या.
गाठी आठवाव्या लागल्या नाहीत.
खांबावरच्या गाठी
बोटांना अजून पाठ आहेत.

जानेवारीत एक स्कूटी फाटकाशी थांबली.
तोंडाला स्कार्फ, डोळे तेवढे उघडे.
बराच वेळ टिटवीकडं बघत राहिली,
मग स्कार्फ सोडला.
"काका, हे मी आहे."

माझ्या दातांत सुतळी.
मी मान हलवली, एवढंच जमलं.
"दहावीची. अकरा वर्षं झाली."
आता एका लॅबमध्ये रक्त काढते, म्हणाली.
सकाळी साडेपाचला निघते,
थंडीत लोकांच्या शिरा सापडत नाहीत.
कुंदानं चहा आणला.
मी अपराध्यासारखा उभा,
जणू तिला विचारल्याशिवाय
तिच्या कपाळाला भोकं पाडली.
पाडलीच होती. तीन.

"चेहरा आहे, टक्के आहेत,
माझं नाव कुठंय?"
"दुमडीत गेलं," मी म्हणालो, "शिवणीखाली."
ती वाकली. कडा उचलून
डोकं आत घातलं,
मावळतीचं ऊन जाळीतून आत पडलेलं.
आतून आवाज आला,
"आहे की नाव."

कुठलं, ते मी विचारलं नाही.

जाताना एक बाटली तिनं बांधून दिली.
तिची गाठ गाठ नव्हतीच,
गुंता होता.

होळीनंतर वारा आला, उलटसुलट,
धुळीचा, पण आला.
झूल उतरवली.
वेण्या उन्हानं पांढऱ्या पडलेल्या,
टक्क्यांतला नऊ उडालेला.
मी शिवण उसवली, अंगणात पसरली,
आणि दुमडीत, लाल शाईत,
कालच छापल्यासारखं :
कु. प्रणोती घाटोळे.