बुधवारचा चौथा तास

तालुक्याहून परिपत्रक आलं:
आठवड्यातून एक तास शांततेचा.
सोबत सुतळीनं बांधलेला रंगीत खडूंचा डबा,
आणि रंगवायला कबुतराचं छापील चित्र,
पोरागणिक एक.

मगदूम सर म्हणाले, बाई, तुम्हीच घ्या,
तुम्हाला दोन्ही भाषा येतात.
येतात कसल्या.
कन्नडात मला भाजी घेता येते,
रागावता येतं.
समजूत घालता येत नाही.

निपाणीपासून नऊ किलोमीटरवर
तंबाखूच्या वखारीमागं आमची शाळा.
फाटकावरच्या पाटीला कधी इकडच्यांनी डांबर फासलं,
कधी तिकडच्यांनी;
आता ती पाटी कुठल्याच भाषेत नाही.

पुरानंतर कृष्णाकाठची बावीस पोरं इथं आली.
महिन्याभरासाठी म्हणून आली,
तिसरं वर्ष चाललंय.
वखारीच्या आवारात पत्र्याच्या खोल्या,
शाळेत मागची बाकं.
त्यांचे मास्तर आठवड्यातून तीन दिवस येतात,
उरलेले तीन दिवस ती माझी.

कबूतर कुणी नीट रंगवलं नाही.
लगमव्वानं त्याला जास्तीचे पाय काढले, एकूण आठ,
का ते सांगेना.
यल्लालिंगनं कागद उलटा केला
आणि कोऱ्या बाजूवर म्हैस काढली,
नाकापर्यंत पाण्यात.
म्हशीपेक्षा दाव्याला जास्त वेळ लावला.
दावं काळं, जाड,
कागद फाटेस्तोवर गिरवलेलं.

श्रेयस खोत वाकून बघत हसला:
"म्हशीला पवाय येतंय की रे, येडा हाईस काय?"

पुढचं मी सांगत नाही.
एक दात पडला, दुधाचाच होता,
आणि शांततेचा तास
माझ्या छडीच्या आवाजानं संपला.
टेबलावर मारली. टेबलावरच.

दोघांना व्हरांड्यात उभं केलं.
भाताची पातेली उतरत होती,
त्या आवाजातही खिडकीतून ऐकू येत होतं.
"सोडली न्हाईस व्हय?"
"बिच्चाक आगलिल्ल. गंट."
बोटांनी दाखवत असावा
ओली, आवळत गेलेली गाठ.
"ना होगिद्नी, खरे…"
आणि तिथंच थांबला.

श्रेयसनं विचारलं, "खरं काय?"

सोळा वर्षं मी पोरांच्या वह्यांतून
हा शब्द लाल शाईनं खोडत आलेय.
'मी येणार होतो खरं आलो नाही.'
'खरं' नव्हे, 'पण' लिहा,
पुस्तकात 'पण' आहे.
त्यांचे मास्तरही सोमवारी
ह्याच शब्दावर रेघ मारत असणार,
त्यांच्या लिपीत, त्यांच्या शाईनं.
एवढा वेळ तो आमच्या दोघांच्या तावडीतून
व्हरांड्यात जाऊन उभा होता.

दुसऱ्या दिवशी श्रेयसनं गोठ्यातलं जुनं दावं आणलं.
वर्गभर शेणाचा वास.
बाकाच्या पायाला बांधून दाखवलं,
"ही निरगाठ. ही मारायची न्हाई.
ही सुरगाठ. ह्यो शेव वडला की झालं."
यल्लालिंगनं बांधली, ओढली.
बांधली, ओढली.
मग डोळे मिटून बांधली.
मी फळ्यावर अपूर्णांक शिकवत होते,
शिकवणं थांबवलं नाही.

शुक्रवारी नळावर पुन्हा जुंपली,
आधी बादली कुणाची ह्यावरून.
ह्या वेळी लगमव्वा जिंकली.

महिनाअखेर अहवाल भरायचा होता.
मुलांमध्ये सलोखा दिसतो का? होय / नाही.
दोन्हींवर रेघ मारली
आणि शेजारी लिहिलं: खरं.

फॉर्म परत आला.
शेरा: उत्तर अपूर्ण.
तसाच फायलीला लावला,
खडूंच्या डब्याची सुतळी अजून खणात होती,
तिनं फाईल बांधली.
दोनदा चुकले.
तिसऱ्यांदा, एक टोक ओढलं की सुटेल अशी.