कशावर टाकू?

गिरणीत पहिला प्रश्न मीच विचारतो,
एकवीस वर्षं:
कशावर टाकू?
गव्हावर गहू. दादरीवर दादर.
बाजरीवर गहू टाकलेला कुणाला चालत नाही,
पोळी काळी पडते, पाहुण्यांत शोभत नाही.
ज्वारीत आधीचा मूठभर गहू आला
तर मात्र कुणी हिशेब मागत नाही.
उलट भाकर थापायला बरी, म्हणतात बायका.

हर्षालीला नऊ वर्षं. उंची सहाची.
पोट गरगरीत, हातपाय तुराटीचे,
तोंडात फोड, वर्गात डुलक्या.
जंतांची औषधं तीन डॉक्टरांची,
दोरा एका भगताचा.
मग धुळ्याच्या डॉक्टरांनी नळी घालून पाहिलं.
म्हणाले, आतड्याला आतून मखमल असते,
हिची झिजून गोणपाट झालंय.
गहू बंद. जन्मभर.
मी विचारलं, म्हणजे किती बंद?
ते म्हणाले, कणसुद्धा.
मी धंदा काय करतो
ते त्यांना सांगितलं नाही.

पोळी गेली. बट्टी गेली.
कुरडया गेल्या, खापरावरचे मांडे गेले.
पोळपाट नवा, तवा नवा,
तिच्या पिठाच्या डब्याला लाल दोरा.
हिंगाच्या डबीवरचं मुंगीएवढं अक्षर
ज्योत्स्नानं भिंग धरून वाचलं:
त्यातही मैदा!
डबी उकिरड्यावर.
दोंडाईच्यात मामेबहिणीच्या लग्नात
पोर पंगतीच्या कडेला, मांडीवर स्वतःचा डबा.
मोठी मामी वाकली, पुरणाच्या मांड्याचा तुकडा
तिच्या भातावर ठेवून म्हणाली,
इतलासाघाई काय व्हस वं, माय?
उचलून फेकला. तुकडा गेला,
चुरा राहिला असेल.
त्या रात्री बादली, आणि तिच्या पाठीवर माझा हात.

सहा महिन्यांनी रक्त.
आकडा उतरेना.
ज्योत्स्ना म्हणाली, मी काहीच दिलं नाही हो.
पोरीला दटावलं: बिस्किट? कुणाचा डबा?
तिनं स्वतःच्या गळ्याला चिमूट लावली.
मी दटावलं, हे लिहून ठेवतो.

मग एका संध्याकाळी
ऊन दारातून तिरपं आत आलेलं,
ती जेवायला बसलेली.
मी सायकल भिंतीला टेकवली,
पायरीवर टॉवेल झटकला, रोज झटकतो तसा,
आणि उंबऱ्यात थांबलो.
उन्हात पांढरं काही तरंगत होतं.
सावकाश. घाई नसलेलं.
तिच्या केसांवर, पाण्याच्या पेल्यात,
उघड्या तोंडाकडे नेलेल्या घासावर.
पप्पा, म्हणत ती उठली
आणि मी मागे सरलो.
मागे सरलेला बाप
तिनं पहिल्यांदाच पाहिला.

भाकर तरी कुठली?
मीच दळलेली, दर रविवारी,
आधी दोन किलो तांदूळ फिरवून.
म्हटलं होतं, झाली साफ.
पण दगडाला टाकी मीच घालतो ना,
प्रत्येक खाच मला ठाऊक:
पोळ्याचा गहू तिथं दिवाळीपर्यंत असतो.

आता गिरणीमागे नळ घेतलाय.
कपडे तिथंच, डोकं, नखं, कानाच्या पाळ्या.
मिशी काढून टाकली.
पेठेत दोघांनी थांबवून हळूच विचारलं,
कोण गेलं?
मी म्हटलं, कुणी नाही, उकाडा.

रात्री ज्योत्स्ना आणि मी जात्यावर बसतो.
गिरणीवाल्याच्या घरात जातं!
गल्लीला आठवडाभर पुरलं.
खुंटा माझ्या तळहाताला नवा,
फोड येतात. दादर गरम होऊन उतरते,
तिच्यावर काही नाही, तिच्याखाली काही नाही.

पुढचं रक्त चैत्रात.
तोवर रोज संध्याकाळी हर्षाली पायरीवर उभी राहते,
मी वाकतो,
ती माझ्या भुवयांवरून बोट फिरवते,
उन्हाकडे धरून बोटाचं टोक बघते.
डावी राहिली, म्हणते.
जा परत.