वाऱ्याचं माप

धावपट्टीवरनं मुजावर आला,
खांद्यावर फाटकी केशरी पिशवी.
"नवी मागितली होती. सांगलीहून कागद आलाय,
तरतूद नाही."

मी ब्लाउज शिवतो, परकर, जूनमध्ये गणवेश.
वाऱ्याचं माप कुठनं घेऊ?
म्हणाला, तोंड मोठं ठेव, शेपूट बारीक,
मधे काही अडायला नको.
(म्हणजे सरकारी कामाच्या बरोब्बर उलट.)

मांडवाचं कापड उरलं होतं.
दुहेरी टीप मारली.

कवलापूरला आता गुरुवारचंच विमान, आलं तर.
तपासणीचं यंत्र बंद,
मुजावरच हातानं बॅगा चाचपतो,
तासगावचे बेदाणे लागले की
मूठभर घेऊन "जावा" म्हणतो.
पाणी घरनं आणा, असं खडूनं लिहिलंय
आटलेल्या कूलरवरच.

माझं बिल एकशे ऐंशीचं.
तीन सह्या झाल्या, चौथी मार्चनंतर.

काल गिऱ्हाईक नव्हतं, सायकल काढली.
खांबावर माझी शिवण फुगलेली,
शेपूट मिरजेकडं.
खालनं एक टाका उसवलाय.
म्हटलं, उतरव, दोन मिनिटांचं काम.
मुजावर वर बघत राहिला.
"पडू दे की जरा वारा."