हवा कुठून जाते

सकाळी आधी पंपाचा आवाज ऐकायचा,
मग डोळे उघडायचे.

एका ठेक्यात आला, फुस्स, फुस्स,
तर आज बाबा बाबांसारखे.
भराभर आला, मध्येच शीळ,
तर आज दुकान अख्ख्या गावाला फुकट.
आलाच नाही
तर होमूला पार्बताबाईंकडे धाडायचं दात घासायला,
आणि भिंतीकडे तोंड केलेल्या पाठीला
हळूच सांगायचं: बाबा, चहा ठेवला.

मी नऊची, होमू पाचचा.
आई राइस मिलमधून यायची दिवे लागल्यावर,
केसांत, भुवयांत कोंडा.
तिला मी अर्धंच सांगायचे.

एका चैत्रात बाबांनी भंडाऱ्याहून चाळीस घंट्या आणल्या.
गावातल्या प्रत्येक सायकलीला एक.
पैसे नको म्हणाले.
रात्री दोनला अंगणात सहा सायकली उघडल्या,
सगळे छर्रे परातीत ओतले,
कंदील वर धरला:
यमू, पाह्य, चांदण्या.

मी हसले.
खरंच दिसत होत्या चांदण्या.
पंधरा दिवसांनी ते खाटेवरून उठेनात
तेव्हा मला वाटलं, माझ्या हसण्यानं झालं.
हे मी कुणाला सांगितलं नाही,
होमूलाही नाही.

लोक म्हणत, तेजरामले बोडीवरच्या मोहाखाली काही लागलं.
पोट्टे मला घंटीवाल्याची पोरगी म्हणत
आणि तोंडानं ट्रिंग ट्रिंग करत.
मी गोळ्या मोजायचे.
पांढरी सकाळी, गुलाबी अर्धी रात्री.
गोळी गिळली की जिभेखाली ठेवली
ते पाणी पिताना कंठावरून कळतं.
सतराचा पाढा मला त्यानंतर आला.

पंक्चर काढायलाही मला कोणी शिकवलं नाही.
घमेल्यात पाणी, पाण्यात ट्यूब,
वीतवीत फिरवत न्यायची,
बुडबुडे येतील तिथं अंगठा दाबायचा.
बाप कुठी गेला गा?
साकोलीले. पार्ट आणायले.
बाबा दाराआडच असायचे,
आणि त्यांना ऐकू येत असायचं.

दर दुसऱ्या मंगळवारी दवाखाना.
वालदे सिस्टर कार्ड भरायच्या.
झोप?
तीननंतर लागते. कूस बदलत नाहीत.
जेवण?
वाटीभर भात. लाखोळीचं वरण नको म्हणतात.
सिस्टरनं पेन खाली ठेवला.
यमुना, मी तुले इचारून राह्यली.

पंखा फिरत होता, एक पातं वाकडं.
मला काहीच आठवेना.
मग तोंडातून निघालं:
आज गणिताचा पेपर होता.

बाबांनी मान वर केली.
सिस्टरनं त्यांना बाहेर बसवलं, मला बिस्किटं दिली,
आणि परातीतल्या चांदण्यांचं मी सांगून टाकलं.
हसण्यानं कोणी बिमार पडत नाही, बाई.
तीनदा म्हणाली.
तिसऱ्यांदा मला ऐकू आलं.

परतताना यष्टीत माझं दप्तर बाबांच्या मांडीवर होतं.
दप्तर कशाला आणलं होतं मी?
कुणास ठाऊक. रोजची सवय.
लाखांदूर येईस्तोवर ते
त्याच्या तुटक्या बक्कलाशी काहीतरी करत राहिले.

बरे झाले असं नाही.
नंतरही दोनदा पडले, एकदा तर भर दिवाळीत.
पण त्याआधीच्या एका चांगल्या आठवड्यात
त्यांनी दुकानाच्या टिनाच्या दाराला, आतून,
टायरवर खुणा करायच्या पिवळ्या खडूनं
स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवलं होतं:

मी पडलो तर
गोळ्या: पार्बताबाई
दवाखाना: साळा हिरामण
दुकान बंद
पोरं मामाकडे, शाळा बुडवायची नाही

त्यात माझं नाव
कुठल्याच कामापुढे नव्हतं.
दार ओढून घेऊन, फटीतून येणाऱ्या उजेडात
मी ते पुन्हा पुन्हा वाचलं.
बाहेर होमू ओरडत होता,
यमे, चाल ना.