पांढरे केस

गोठ्याच्या दारावर खडूनं हरिणी काढून
डेल्मरनं फुली मारली होती :
पुढच्या पायामागं, छातीच्या रेघेपासून वीतभर वर.
तिथं दोन्ही फुप्फुसं.
पाय पुढं पडेस्तोवर थांब.

मी थांबले नाही.

ओकच्या पाचोळ्यात बाण सापडला.
पिसांना पांढरे केस, हिरवट ओल.
डेल्मरनं हुंगलं.
गुलाबी फेस असता, तर शंभर पावलांत सापडली असती.
काळपट असतं, तर काळीज; चार तास.
हे पोट.
आज मागं जायचं नाही. गेलीस तर उठेल,
आणि चालत राहील.

रात्री किकापूच्या खोऱ्यात दहिवर गोठलं.
त्यानं कॉफी ओतली. बूट काढले नाहीत.
कुठंतरी ती बसली असेल, पाय दुमडून,
जी फुली मी चुकले
तिथनंच श्वास घेत.