पानामागे नव्वद पैसे

रुमाल सोडला की आधी वाळू पडते.
शाई सुकावी म्हणून कुणीतरी भुरभुरवलेली,
अडीचशे वर्षं घडीत दबून राहिलेली,
आता माझ्या स्कॅनरच्या काचेवर.
पुसायला पिवळं फडकं दिलंय कंपनीनं.
वाळूचे पैसे मिळत नाहीत.

मी वैजयंता. ओळखपत्रावर वैजंता छापलंय,
दुरुस्तीचा अर्ज देऊन चार महिने झाले.
धनकवडीहून दोन बस बदलून
कौन्सिल हॉलच्या चौकात उतरते,
दफ्तरखान्याच्या दगडी गारव्यात शिरते
आणि संध्याकाळपर्यंत पानं उलटते. दिवसाला सहाशे.
मोडी मला येत नाही.
मला ती पाठमोरी गर्दी वाटते,
सगळे घाईत, तोंड कुणाचंच दिसत नाही.

खळदकर सरांना दिसतं.
रिटायर झाले तरी येतात, डबा घेऊन.
चष्मा कपाळावर चढवून कागद नाकाशी धरतात,
वाचतायत की वास घेतायत कळत नाही.
म्हणाले, मोडीत आधी रेघ ओढायची,
या कडेपासून त्या कडेपर्यंत, मग खाली अक्षरं.
म्हटलं, म्हणजे दोरी आधी, कपडे नंतर.
हसले. "धुतलेलेच असतील असं नाही."

मंगळवारी एक पान तिरकं आलं.
कोपरा कसरीनं खाल्लेला.
सहज विचारलं, सर, एवढं बारीक काय लिहिलंय?
त्यांनी वाचलं, भाजीचा हिशोब वाचावा तसं:

दाणा घोड्यांस, चार मण.
तेल दिवाबत्तीस, सव्वा शेर.
बटीक एक, नावे सटवी, उमर वर्षे बारा,
उजवे गालावर तीळ, रुपये पंचावन्न.
सुतळी, दोन आणे.

मग डबा उघडला. दुधीची भाजी होती.
घे, म्हणाले.
"तीळ कशाला लिहिला, सर?"
"पळून गेली तर ओळखायला."

सटवी. पाचव्या रात्री येऊन
कपाळावर लिहून जाते, तिचंच नाव.
हिचं मात्र कारकुनानं लिहिलं,
सुतळीच्या वर, तेलाच्या खाली.

पंचावन्न रुपये म्हणजे माझी एकसष्ट पानं
आणि वर दहा पैसे.
जेवणाच्या सुट्टीआधी होतात.

स्कॅन झालं की तक्ता भरायचा.
रुमाल क्रमांक. पान क्रमांक. सन.
विषय, यादीतून निवडा:
महसूल, लष्कर, देवस्थान, जमाखर्च.
व्यक्ती, यादीतून निवडा:
सरदार, कारकून, गावकामगार, इतर.
मी इतर निवडलं.
नाव: सटवी.
शेरा: उजव्या गालावर तीळ.
तनपुरे सुपरवायझर पाठीमागे येऊन उभा राहिला.
माणूस वाईट नाही, त्यालाही टार्गेट आहे.
"मॅडम, जमाखर्च टाका आणि पुढे चला.
असं एकेकाचं लिहीत बसलात तर
हा रुमाल दिवाळीपर्यंत संपायचा नाही."
पुढच्या पानांना टाकलं जमाखर्च.
त्या पानाला नाही.
संध्याकाळी निघताना शोधाच्या चौकटीत नाव घातलं.
एक नोंद सापडली.
माझीच.

बुधवारी नवीन ओळखपत्र आलं.
वैजयंती.
पुन्हा अर्ज. तोच फॉर्म, तोच गुलाबी कागद.
रकाना सातवा: अंगावरील ओळखीची खूण.
गेल्या वेळी बिनदिक्कत लिहिलं होतं,
हनुवटीवर व्रण, लहानपणी पायरीवर पडल्याचा.
या वेळी पेन तिथं आलं आणि थांबलं.
रकाना तसाच ठेवून फॉर्म खिडकीत सरकवला.

"रिकामं चालत नाही," खिडकीतला म्हणाला.
मी विचारलं, कशासाठी लागतं हे?
त्यानं वर पाहिलं.
हातातला शिक्का हातातच राहिला.
त्याला खरंच माहीत नव्हतं.