पुढची तारीख

कसबा बावड्याच्या कोर्टात शिपायानं पुकारा केला,
शमुवेल मार्तंड पोळ.
एकदा.
मग जरा चढ्या आवाजात.
तिसऱ्यांदा त्यानं कागदावरून मान वर केली.
मी उठून म्हटलं, मयत.
वारस हजर आहे.

बाप असता तर हसला असता.
रविवारी देवळात ती गोष्ट निघाली,
रात्री तीनदा हाक ऐकणाऱ्या पोराची,
की कोपर मारून म्हणायचा, माझीच गं ती.
मला बी हाका मारत्यात,
आन् तारीख देऊन माघारी धाडत्यात.
पुकारा झाला की उभा राहायच्या आधी
ओठांतल्या ओठांत म्हणायचा, बोला, ऐकतोय.
शिपायाला नव्हे.

एकवीस वर्षं.
सुभाषनगरातले साडेतीन गुंठे, दोन हौद, एक बाभळ
आणि कोऱ्या कागदावर त्याचा अंगठा.
कागद नंतर भरला दिनकर खराड्यानं,
जो आमच्या चपला घाऊक न्यायचा
आणि नाताळाला करंज्या खायला यायचा.
चार न्यायाधीश बदलले.
मी नर्सिंग शिकले, लग्न केलं, मला चष्मा लागला.
बाप दर तारखेला तोच पांढरा सदरा घालायचा,
प्रभुभोजनाच्या रविवारचा.

एकदा रात्रपाळी उतरून आले होते, चिडून विचारलं,
तुझ्या देवालाही मे महिन्याची सुट्टी असते का?
तो तिकाटण्यावर टांगलेल्या कातड्याच्या पिशवीत
सालीचं पाणी ओतत होता.
पिशवी थेंब थेंब गळत होती,
गळलेलं तो पुन्हा वर ओतत होता.
म्हणाला, घाईनं काढलं तर वरनं लाल दिसतंय,
आत कच्चंच ऱ्हातंय.
किती दिवस, ते म्या ठरवत न्हाई.
हिरडा ठरवतोय. ऊन ठरवतंय.
ज्यानं टांगलंय त्येला ठावं हाय.

माणूस म्हणजे कातडं नव्हे, मी म्हटलं.
व्हय, तो म्हणाला.
माणसाला दुखतंय.

मला ते पटलं नाही.
मार्चात त्याच्या पेटीवर मूठभर माती टाकताना
पाळक म्हणाले, विसावा.
मला एवढंच सुचलं, निकाल न ऐकताच.

आज बाकावर माझ्या शेजारी खराडे.
ऐंशी उलटलेली, हात थरथरते, वकील आला नव्हता.
उठताना त्याच्या चपलेचा अंगठा तुटला.
मी वाकून पाहिलं.
कानाजवळ उलटा टाका,
वादी दोनदा फिरवून आत दडवलेली.
खिळा नाही कुठंच.
(खिळं एकदाच मारलं जगानं, पुरं झालं,
असं म्हणायचा तो, आरी ओली करताना.)

कधी घेतलीत?
व्यवहाराच्या आदल्या साली, खराडे म्हणाला.
तुझ्या बानं पैसं घेतलं न्हाईत.
पुढं तो बराच वेळ तळव्याकडेच बघत राहिला.
तळ झिजून पायासारखाच झाला होता.
टाच, चवडा, करंगळीची वाकडी जागा.
दुसरा जोड परवडला नसता असं नाही.
बावीस वर्षं हा माणूस
माझ्या बापावर पाय ठेवून चालला होता,
आणि ते त्याला दर पावलाला कळत होतं.

मी काही बोलले नाही.
पर्समध्ये दवाखान्याची चिकटपट्टी होती,
ती अंगठ्याभोवती गुंडाळली.
जास्त टिकायची नाही, सांगितलं. पायऱ्या उतराल तेवढी टिकेल.
माफ केलं असं म्हणवत नाही अजून.
केस मागं घेणार नाही. जागा आमची आहे.

पुढची तारीख अठरा.
वहीत लिहून घेतली, बापाच्याच वहीत,
त्याच्या वाकड्या आकड्यांखाली.
आत शिपाई भलतंच कुणाचं नाव पुकारत होता.
तरी जिना उतरताना
एका पायरीवर थांबून मी म्हटलं,
बोला, ऐकतेय.